बादलीतलं अंडं

३ मार्च

बारक्या,

फोन करणार नव्हतेच. फोनवर तू मला दोन वाक्यं बोलू देतोस आणि तिसऱ्याला प्रवचन सुरू करतोस. कागदाचं बरं असतं, कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. कोंबडीखाद्याचा ट्रक तुमच्या टेकडीवरून पुढे जातो, त्या ट्रकवाल्याच्या हाती हे देते आहे. तो उलटा येईल तेव्हा त्याच्या शेजारच्या सीटवर माझी लेक बसलेली असली पाहिजे.

भिंगरी काल तुझ्याकडे आली, हे मला तुझ्याकडून नाही, ट्रकवाल्याकडून कळलं. सख्खी बहीण आहे मी तुझी. एक निरोप पाठवला असतास तर तुझ्या देवाचं काही बिघडलं नसतं. जावई जहाजावर, तो पुढच्या महिन्याअखेर उतरणार. तोवर तिची जबाबदारी माझी, तिच्या मामाची नाही.

तिने तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून खरं काय ते मी लिहिते. तिला दिवस गेलेत. लग्नानंतर इतकी वर्षं वाट बघून, नवस नाही, औषधं करून गेलेत. परवा दवाखान्यात सोनोग्राफी झाली. मी सोबत होते. पिशवी दिसली, ठोके दिसले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडेही वळवला. मला त्यातलं काही शिकवावं लागत नाही. बाबांनी अंडी उबवायची हॅचरी माझ्या गळ्यात घातल्यापासून मी दुसरं केलंय काय? अंड्यामागे दिवा धरायचा आणि आत जीव आहे की नाही ते बघायचं. घरी आल्यावर मी तिला सरळ सांगितलं की बाई, आत काही नाही, उगाच आशेवर बसू नकोस, लवकर मोकळी हो आणि तब्येत सांभाळ. यात मी काय वाईट बोलले? तिने बॅग भरली. "मामा असं बोलला नसता," म्हणाली आणि फाटक आपटून गेली.

नसतासच बोलला. तू काय बोलला असशील ते मी इथे खुर्चीत बसून सांगू शकते. तू तिला अंड्याची गोष्ट सांगितली असशील.

ती गोष्ट तू तुझ्या प्रार्थनाघरातल्या माणसांना सांग. त्यांना रडायला आवडतं, तुला रडवायला आवडतं, दोघांचं छान चाललंय. माझ्या लेकीला नको. तिला ताप आला, पोटात दुखायला लागलं, अंगावरून जायला लागलं, तर हातातली जपमाळ असेल तिथे टाकायची आणि तिला दवाखान्यात न्यायची. ही विनंती नाही.

ताई


६ मार्च

बारक्या,

ट्रक आला. सीटवर भिंगरी नव्हती, माझंच पत्र होतं. मागची कोरी बाजू वापरून तू उत्तर लिहिलंस. कागद वाचवलास की माझं बोलणं मला परत केलंस, ते तुलाच ठाऊक.

लिहितोस की तू तिला थांब म्हटलं नाहीस आणि जा पण म्हटलं नाहीस. वा. लहानपणीही असंच होतं तुझं. डबा कोणी उघडला, तर "मी फक्त झाकण धरलं होतं." पुढे लिहितोस की जीव आपण घालत नाही, तो येतो, कधी कधी उशिरा येतो. आणि शेवटी ते आव्हान: "पहिला ठोका कोण देतो ते सांग ताई, मग तिला ट्रकमध्ये बसवतो."

ठीक आहे. बस आणि ऐक.

एखादी बॅच बिघडली की मी काही अंडी फोडून बघते, कोणत्या टप्प्यावर गाडी अडली ते कळायला. तिसऱ्या दिवसाचं अंडं हलक्या हाताने फोडलं की पिवळ्यावर शर्टाच्या बटणाएवढं लाल जाळं दिसतं. जाळ्याच्या मधोमध मोहरीएवढा ठिपका असतो आणि तो उडत असतो. तेव्हा चोच नसते, पंख नसतात, ज्याला पिल्लू म्हणावं असं काहीच नसतं. ठोका मात्र असतो. पेशींच्या आत-बाहेर क्षार जात-येत असतात, त्याने एक पेशी आकसते, ती आकसली की शेजारची आकसते, मग सगळ्या एका तालात येतात. वरून कोणी टिचकी मारत नाही. मशीनचं तापमान बरोबर ठेवायचं, हवेत ओल ठेवायची, अंडी वेळेवर फिरवायची, बस. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले होते, ते वेगळं. त्याला देव म्हणायची मला गरज वाटली नाही.

आणि तू जे सांगत फिरतोस ना, की मासा मासा म्हणून केला, पक्षी पक्षी म्हणून केला आणि माणूस सगळ्यांत शेवटी स्वतः हात लावून केला, त्यावर एकदा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहा. अंड्यातल्या चार-पाच दिवसांच्या पिल्लाच्या गळ्यापाशी घड्या असतात. माशाला जिथे कल्ले फुटतात तिथेच. शेपूट असतं. माणसाच्या गर्भालाही असतं, सुरुवातीच्या आठवड्यांत. थेट कोंबडी करायची होती तर हा वळसा कशाला? वळसा यासाठी की ती आधी दुसरं कोणीतरी होती. त्याच्या आधी आणखी कोणी. असं मागे मागे जात राहिलास की शेवटी कोमट पाणी आणि चिखल. तुझ्या ग्रंथातही पहिला माणूस चिखलाचाच केलाय ना? म्हणजे चिखलापर्यंत आपलं जमतं. भांडण त्याच्या पुढचं आहे. तुझ्या चिखलाला कोणीतरी फुंकर मारतं आणि माझ्या चिखलाला नुसता वेळ मिळतो, पण तो मोजता येणार नाही इतका.

उत्तर मिळालं? आता तिला बसव ट्रकमध्ये.

तिच्या गोळ्या तिच्या निळ्या पाकिटात आहेत. रिकाम्या पोटी घेऊ देऊ नकोस.

ताई


९ मार्च

बारक्या,

पुन्हा माझंच पत्र, पुन्हा मागची बाजू. "कसं ते सांगितलंस ताई. मी कोण विचारलं होतं." एवढंच. तुझ्या माणसांना हे भारी वाटत असेल. मला नाही. दूध उतू गेलं तर कसं गेलं हे विचारतात, कोणी घालवलं हे विचारणारा माणूस भांडण काढायला आलेला असतो.

ट्रकवाला भाबडा आहे. कौतुकाने सांगत होता की तुमच्या भावाने काय रंगवून सांगितलं हो, सगळा हॉल रडला, आणि तुमची मुलगी पहिल्या ओळीत बसली होती. म्हणजे तिला समोर बसवून तू ती गोष्ट सांगितलीस. माझा शब्द तू पायाखाली घातलास. आता मी इतकी वर्षं जे बोलले नाही ते बोलते.

आधी तुझी गोष्ट. आठ वर्षांचा मुलगा. त्याचे वडील हॅचरीवाले, अंडी बघण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही. ते एक अंडं दिव्यावर धरतात, म्हणतात "गेलं," आणि बादलीत टाकतात. मुलाला दया येते. तो बादलीतून अंडं उचलतो, सदऱ्याखाली धरतो, प्रार्थना करतो आणि लपवून मशीनच्या कोपऱ्यात ठेवतो. दिवस भरतात. त्या अंड्यातून डोक्यावर काळा ठिपका असलेलं पिल्लू बाहेर येतं. वडील बघतात, हात जोडतात, म्हणतात, "ही देवाची करणी." मुलगा तिथेच ठरवतो की आपलं आयुष्य याच्या पायाशी.

मी पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकली तेव्हा अंडं नुसतं गार होतं. मग काही वर्षांनी ते रात्रभर बादलीत होतं. हल्ली म्हणे त्याला वास येत होता. दर वर्षी ते अंडं जरा जास्तच मरतं, बारक्या.

आता घडलं ते. मी तिथे होते, ट्रे पुसत होते. ते तपकिरी कवचाचं अंडं होतं. पांढऱ्या कवचाआड लगेच दिसतं, तपकिरीआड दिसत नाही. दिव्याची काच काळी पडली होती आणि पिल्लं न्यायला गाडी दारात उभी होती. बाबांनी अंडं डोळ्यासमोरून नेलं आणि टाकलं. तू ते लगेच उचललंस, बादलीत ते चहा प्यायला लागतो तेवढा वेळही नव्हतं. एवढ्याने अंड्याला काही होत नाही. कोंबडीसुद्धा उठून दाणे खाऊन येते.

बाबांचे डोळे गेले आणि दिवा माझ्या हातात आला, त्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून सांगितलं. त्यांचे शब्द लिहिते. "ते अंडं मेलेलं नव्हतं. मी बघायला चुकलो. शंका आली की टोकावर पेन्सिलीने खूण करायची आणि परत मशीनमध्ये ठेवायचं, चार दिवसांनी पुन्हा बघायचं, हा नियम मीच केला आणि त्या दिवशी मीच पाळला नाही." मी विचारलं, मग बारक्याला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "किती खूश होता तो." मला ते पटलं नाही. पिल्लू निघालं तेव्हा हॅचरीतली सगळी माणसं गोळा झाली होती. सगळ्यांसमोर बाबांना एक तर "मी चुकलो" म्हणायचं होतं, नाही तर "देवाची करणी" म्हणायचं होतं. बाबांना तू ओळखतोस. त्यांनी देवाला पुढे केलं.

त्यावर तू प्रार्थनाघर बांधलंस. एका माणसाला चूक कबूल करायची नव्हती म्हणून झालेल्या चमत्कारावर. हे तुला कधी सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण कितीही चिडले तरी तुझ्या पायाखालची सतरंजी ओढावी असं मला वाटत नव्हतं. पण तू माझ्या लेकीला त्या सतरंजीवर बसवलंस.

मेलेलं अंडं जिवंत झालं नाही. कधीच, कुठेच होत नाही. तिला सांग आणि पाठव.

ताई


१२ मार्च

बारक्या,

तू तिला माझं पत्र वाचून दाखवलंस!

ते तुला लिहिलं होतं. तुला दुखावं म्हणून लिहिलं होतं, शब्द निवडून निवडून लिहिलं होतं. तुला दुखलं का नाही तेही तुझ्या उत्तरातून कळत नाही. बाबांबद्दल अवाक्षर नाही. या वेळी पत्र उलटं केलंस तेही अर्धंच भरलंस. "ताई, शंका आली की खूण करून परत ठेवायचं, चार दिवसांनी पुन्हा बघायचं. हे तू लिहिलंस. तिला वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बघू म्हटलं होतं, हे मात्र तू लिहिलं नाहीस. ते तिने सांगितलं."

आणि खाली भिंगरीचं अक्षर. "आई, आता मामाच्या प्रार्थनेसाठी थांबत नाही. तुझ्या नियमासाठी थांबते. तूच म्हणतेस ना की आजोबासुद्धा चुकले?"

हो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दिवस थोडे इकडे-तिकडे असतील तर इतक्यात ठोके दिसत नाहीत, दोन आठवड्यांनी या, तोवर काही ठरवू नका, असं म्हणाल्या होत्या. डॉक्टर असं म्हणतातच. माणसाला एकदम धक्का बसू नये म्हणून म्हणतात. मी पडदा पाहिला होता. मला दिसत होतं. मी तिच्या भल्यासाठीच पुढची वाट बघणं तोडून टाकलं. दोन आठवडे रोज पोटावर हात ठेवून बसायचं आणि मग ऐकायचं, त्यापेक्षा आजच ऐकलेलं बरं, असा माझा हिशेब होता. तो चुकीचा आहे असं मला अजूनही वाटत नाही.

पण काल मी दवाखान्यात गेले. सहज, त्या बाजूला काम होतं. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, आत काही नाही हे तुम्हालाही माहीत होतं ना? त्या फायलीतून मान वर करून म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं आजी. मला नव्हतं. म्हणून तर परत बोलावलं." आजी म्हणाल्या मला.

आज सकाळी अंडी बघायला बसले. तपकिरी ट्रे होता. एक धड दिसेना, एरवी मी टाकलं असतं. पेन्सिल शोधली. कुठे ठेवली होती तेच आठवेना, इतके दिवस मी ती हातात घेतली नव्हती. हे वाचून तुला हसू येत असेल तर खुशाल हस.

सोळा तारखेला सकाळी तिला दवाखान्यात घेऊन ये. मी थेट तिथे येईन. आपण दोघांनी एका बाकावर बसायची गरज नाही. आणि आत काय बोलायचं ते आत्ताच ठरवून टाकू. ठोके दिसले तर तू "करणी" म्हणायचं नाहीस. दिसले नाहीत तर मी काही म्हणणार नाही.

तिला तिथे गार लागतं. माझी करड्या रंगाची शाल ट्रकवाल्याकडे दिली आहे.

ताई


१८ मार्च

बारक्या,

बाक एकच रिकामा होता म्हणून बसले. गैरसमज नको.

तुझ्या पायात एका जोडातली एक आणि दुसऱ्या जोडातली एक अशा चपला होत्या. इतक्या माणसांत तुला ते कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तिला आत नेलं तेव्हा मला वाटलं आता तू डोळे मिटशील, पुटपुटायला लागशील आणि मला तुला गप्प करायची संधी मिळेल. मी वाक्य तयार करून ठेवलं होतं. तू काही पुटपुटला नाहीस. भिंतीवरचं बाळाला दूध पाजायचं चित्र बघत बसलास.

पडदा वळला तेव्हा डॉक्टरीणबाई बोलायच्या आधी मला दिसलं. आता अंदाजाचा प्रश्नच नव्हता. पिशवी तेवढीच होती. आत एक कण होता, तसाच, जागच्या जागी. भिंगरी माझ्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही. माझ्या तोंडावरून तिला कळलं. म्हणजे सांगायचं काम शेवटी मीच केलं, एक शब्द न बोलता.

माझं बरोबर निघालं.

मला वाटलं होतं की माझं बरोबर निघालं की मी तुझ्याकडे वळून बघेन. तुला सांगू, वळायला जमलंच नाही. तिथे उभी राहून मी काय करत होते माहीत आहे? तो ठिपका उडावा म्हणून बघत होते. मी. दिवा धरणारी. तू म्हणतोस तशी वरून कोणीतरी टिचकी मारावी म्हणून. त्या अर्ध्या मिनिटात मला क्षारांची आठवण झाली नाही.

तू देवाच्या नावाने तिला थांबवलं असतंस तर मी तुला जन्मभर बोलले असते. पण ती थांबली माझ्या पत्रावर. तुझी गोष्ट मोडायला मी बाबांची चूक बाहेर काढली आणि त्या चुकीच्या आधाराने ती सोळा तारखेपर्यंत पोटावर हात ठेवून बसली. आता कोणाला बोलू?

तुझ्यावर मात्र राग आहे, तो वेगळ्या गोष्टीचा. बाहेर आल्यावर ती तुझ्याकडे आली. "मामा, काहीतरी बोल," म्हणाली. इतकी वर्षं तुझं तोंड बंद नव्हतं. लग्नात बोललास, बाबा गेले तेव्हा बोललास, मी हात जोडून पुरे म्हटलं तरी बोललास. आणि त्या दिवशी पोरीने मागितलं तर तू तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा राहिलास आणि मग ट्रक निघेल म्हणून गेलास. मी थांब म्हटलं नाही हे खरं. थांबायला काय माझ्या शब्दाची वाट बघत होतास?

काल सगळं पार पडलं. ती बरी आहे. अशक्त आहे. ताप नाही.

या पत्राची मागची बाजू कोरीच राहू दे हवं तर.

ताई


२३ मार्च

बारक्या,

मागची बाजू कोरी ठेवलीस. मी म्हटलं आणि तू ऐकलंस, असं पहिल्यांदाच झालं.

ट्रकवाल्याने सांगितलं. तुझ्या तोंडून ऐकलं असतं तर विश्वास बसला नसता, त्याच्या तोंडून बसला कारण तो चिडला होता. म्हणाला, रविवारी तुमचा भाऊ सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की ते अंडं मेलेलं नव्हतं, माझे वडील बघायला चुकले होते, आणि मी इतकी वर्षं तुम्हाला चुकीचं सांगत आलो. काही माणसं उठून गेली म्हणे. एक म्हातारी तुझ्यावर ओरडली की मग आम्ही काय धरून बसायचं. तू म्हणालास, मला माहीत नाही. मग तू खाली उतरलास. ट्रकवाला मला विचारत होता, "असं भर सभेत सांगायची काय गरज होती हो त्यांना?" मी म्हटलं, मला काय विचारतोस.

हेच मला हवं होतं, बारक्या. तुझ्या पहिल्या प्रवचनापासून. मी तुझ्या हॉलच्या दाराशी उभी राहून मनात म्हणायचे की कधीतरी या माणसाच्या तोंडून खरं निघू दे. निघालं. मी ते ऐकून आत गेले आणि अंडी फिरवली, कारण फिरवायची वेळ झाली होती. पेढे वाटावेसे वाटले नाहीत.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. भांडण मिटवायला नाही, ते मिटणार नाही. चिखलाच्या पुढचं सगळं तसंच आहे.

भिंगरी परवापासून हॅचरीत येऊन बसते. काल पिल्लं निघायचा दिवस होता. मला वाटलं तिने बघू नये, म्हणून तिला घरी पाठवत होते, तर म्हणाली, राहू दे. ट्रेजवळ खुर्ची ओढून बसली. कवचाला तडे जायला लागले, चिवचिव सुरू झाली, आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, अंड्याची गोष्ट सांग."

मी सांगितली. तपकिरी कवच, काळी काच, दारात गाडी, बाबांची घाई, पेन्सिल. सगळं जसं झालं तसं, एक शब्द इकडे-तिकडे न करता. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अशी नाही. मामा सांगतो तशी."

मी म्हटलं, ती खरी नाही गं. आता तर मामा स्वतःच म्हणाला. ती म्हणाली, "मला माहीत आहे खरी नाही. पण तुझ्या गोष्टीत ते अंडं आधीपासून जिवंतच असतं. माझं तसं नव्हतं. मामाच्या गोष्टीत ते आधी मरतं आणि गोष्ट तिथून सुरू होते. मला तिथून सुरू होणारी ऐकायची आहे."

चिखलापासून कोंबडीपर्यंत सगळं मला सांगता येतं. कुठल्या दिवशी काय फुटतं, कुठल्या दिवशी काय गळून पडतं, सगळं. मेलेल्यापासून सुरू होणारी एकही गोष्ट मला माहीत नाही. तुझ्याकडे एक होती आणि ती मी मोडली.

ये. उद्या ट्रकबरोबर ये. दारात औषधाच्या पाण्याची परात आहे, त्यात पाय बुडवूनच आत यायचं, तिथे तुझ्या देवालाही सूट नाही. ती ट्रेजवळ बसलेली असेल. तिला ती गोष्ट सांग. गार पडलेलं सांग. रात्रभर बादलीत होतं सांग. वास येत होता, तेही सांग.

मी तिथेच ट्रे पुसत असेन. मध्ये बोलणार नाही.

ताई